कर्णाची बाजू : एका वाचक बाईंचीं कांहीं मतें

लोकप्रिय पुस्तकाविषयीं टीकाकार काय म्हणतात तें मासिकांतून वाचावयास मिळतें आणि प्रकाशक काय म्हणतात तें वेष्टणावर छापलेलें असतें. परंतु जो मनुष्य तें पुस्तक पदरचे पैसे मोडून विकत घेतो, किंवा वाचनालयांत नांव नोंदवून पंधरा दिवस वाट पाहतो, दुपारच्या झोंपेवर पाणी सोडून तें वाचतो आणि मग घरांतल्या माणसांशीं त्यावरून हुज्जत घालतो, त्याचें मत कोठेंच नमूद होत नाहीं. वास्तविक पाहतां पुस्तकाचें आयुष्य ठरतें तें ह्याच मतावर. टीकाकारांनीं नांवाजलेलें पुस्तक दुसऱ्या आवृत्तीचें तोंड पाहत नाहीं आणि ज्याच्याकडे त्यांनीं पाठ फिरविली तें घरोघरच्या कपाटांत तीन तीन पिढ्या ठाण मांडून बसतें, हा अनुभव मराठीला नवा नाहीं. म्हणून येथें विचार करावयाचा आहे तो अशाच एका घरगुती वाचकाच्या मतांचा.

ह्या वाचक म्हणजे दादर भागांत राहणाऱ्या, बँकेंतील नोकरींतून निवृत्त झालेल्या एक बाई. महाविद्यालयांत त्यांनीं संस्कृत घेतलें होतें. पुढें पस्तीस वर्षें खातेवह्यांशीं संबंध आल्यामुळें तें थोडें गंजलें, पण मेलें नाहीं. जमेची बाजू पाहिली कीं खर्चाची बाजूहि पाहावयाची, ही संवय मात्र त्यांना नोकरीनें कायमची लावून दिली. गेल्या पावसाळ्यांत त्यांनीं चार पुस्तकें लागोपाठ वाचलीं : वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’, इरावतीबाई कर्वे यांचें ‘युगान्त’ आणि कन्नड कादंबरीकार भैरप्पा यांच्या ‘पर्व’ ह्या कादंबरीचें उमा कुलकर्णी यांनीं केलेलें भाषांतर. चारहि पुस्तकें महाभारताच्या विहिरीचें पाणी काढणारीं आणि चारहि आजतागायत वाचकांच्या हातांत असलेलीं. पहिलीं दोन त्यांनीं तरुणपणीं वाचलेलीं होतीं. ह्या खेपेस तीं पुन्हां वाचण्याची पाळी आली तिला एक कारण घडलें.

त्यांचा सतरा वर्षांचा भाचा आणि त्याची धाकटी बहीण सुट्टींत त्यांच्याकडे राहावयास आलीं होतीं. भाच्यानें मावशीच्या कपाटांतून ‘मृत्युंजय’ काढली, चार रात्री जागून ती संपविली आणि पांचव्या दिवशीं जेवतांना आपला निकाल जाहीर केला. द्रौपदीनें भर स्वयंवरांत कर्णाला सूतपुत्र म्हणून झिडकारलें. मयसभेंत पडलेल्या दुर्योधनाला आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणून ती हंसली. तेव्हां पुढें द्यूतसभेंत तिचें जें झालें तें तिनें आपल्या हातानेंच ओढवून घेतलें होतें, असा तो निकाल होता. मुलगा वाईट नव्हे. कर्णाच्या दुःखानें त्याचे डोळे त्या क्षणींहि भरून आलेले होते. परंतु समोर बसलेली तेरा वर्षांची बहीण घांस हातांत धरून तें ऐकत होती, हें बाईंनीं पाहिलें. त्यांनीं त्या वेळीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्या वाचावयास बसल्या.

आरंभ त्यांनीं ‘ययाती’पासून केला, कारण ती कपाटांत पुढें होती. ही कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, तेव्हां तो मराठीकडे प्रथमच आला. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशीं तीन माणसें तींत आपापली कथा सांगतात. बाईंचें मत असें पडलें कीं, बोलणारीं तोंडें तीन असलीं तरी आवाज एकच आहे. सुभाषितासारखीं वाक्यें तिघेंहि सारख्याच सफाईनें बोलतात. महाभारतांतला ययाति मुलाचें तारुण्य घेऊन एक हजार वर्षें भोग भोगतो आणि मग थकून शहाणा होतो. खांडेकरांच्या ययातीला तें तारुण्य फार वेळ ठेवतांच येत नाहीं. लेखकाला आपल्या काळांतल्या भोगलोलुप माणसाला सावध करावयाचें होतें आणि त्यासाठीं हजार वर्षें थांबावयाची त्याची तयारी नव्हती. हें बाईंना पटलें. न पटलें तें देवयानीचें. तिला स्वतःच्या तोंडानें बोलावयास मिळतें खरें, पण तिच्या प्रत्येक वाक्यांतून तिच्याविरुद्धचाच पुरावा तयार होतो. एखाद्या पात्राला प्रथमपुरुषी निवेदन दिलें म्हणजे त्याची बाजू आपोआप मांडली जाते असें नाहीं. लेखकाचें मन कोणाकडे झुकलेलें आहे हें वाचकाला पांच पानांत कळतें. असो. ‘ययाती’विषयीं त्यांनीं एवढेंच सांगितलें आणि पुस्तक पुन्हां कपाटांत ठेवलें.

‘मृत्युंजय’ची गोष्ट निराळी. ह्या कादंबरीवर टीका करावयाची असें ठरवूनच त्या बसल्या होत्या आणि पहिल्या शंभर पानांतच त्यांचा निश्चय डळमळला. १९६७ सालीं ती प्रसिद्ध झाली तेव्हां सावंतांचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. आजऱ्यासारख्या गांवांतून आलेला एक तरुण शिक्षक महाभारतांतल्या सर्वांत दुखावलेल्या माणसाला हातीं धरतो आणि सहा जणांच्या तोंडून त्याची कथा सांगतो, हें धाडसच होतें. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे ते सहा जण. चंपानगरींतलें कर्णाचें बालपण, गंगेचा कांठ, सूर्याची ओढ, हस्तिनापुरास निघालेल्या रथामागें रडत धांवणारा धाकटा शोण, हीं पानें वाचतांना बाईंना आपल्या वयाचा विसर पडला, हें त्यांनीं भाच्याजवळ प्रांजळपणें कबूल केलें. व्यासांनीं कर्णाच्या बायकांचीं नांवेंसुद्धां सांगितलेलीं नाहींत. तेथें वृषालीसारखी स्त्री उभी करून तिला बोलावयास लावणें, आणि ज्याची दखल मूळ कथेंत कोणी घेत नाहीं अशा धाकट्या भावाला सुखदुःखाचा साक्षीदार करणें, ह्यांत लेखकाचें खरें बळ आहे. राजवाड्यांतल्या कथेला त्यानें सूताच्या घराचा उंबरा दिला. भाषा पल्लेदार आहे, कधीं कधीं इतकी पल्लेदार कीं वाक्य संपेपर्यंत सूर्य मावळतो. पण सतरा वर्षांच्या वाचकाला तिचीच मोहिनी पडते आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं.

मग खर्चाच्या बाजूस काय? बाईंनीं मांडलेला मुद्दा असा. कर्णावर अन्याय झाला ह्याविषयीं वाद नाहीं. जन्मतः टाकलेलें मूल, गुण असून कुळ विचारलें गेलेला तरुण, कवचकुंडलें मागावयास आलेल्या इंद्राला तीं ओळखून देणारा दाता, असा हा पुरुष आहे. परंतु जो मनुष्य स्वतःची कथा स्वतः सांगतो त्याच्याशीं वाचक एकरूप होतो. त्याचा अपमान तो आपला अपमान, आणि त्याचा अपराध ती परिस्थिति, असें समीकरण वाचकाच्या मनांत नकळत तयार होतें. कादंबरी वाचून होईपर्यंत वाचक हा वाचक राहत नाहीं, तो कर्णाचा वकील होतो. वकिलाला अशिलाचा दोष दिसला तरी तो दुसऱ्याच्या नांवें घालावा लागतो. भाच्यानें तो द्रौपदीच्या नांवें घातला. सावंतांनीं त्याला तसें करावयास सांगितलें होतें असें नव्हे. पण कादंबरीचा ओघच असा आहे कीं तो तेथें जाऊन पोंचला.

आतां हें दोषाचें खातें खरें आहे कीं खोटें, तें तपासण्यासाठीं बाई वाचनालयांत गेल्या. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची संशोधित आवृत्ति काढण्याचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं त्याला शास्त्रशुद्ध वळण दिलें. १९४३ सालीं ते वारले, परंतु काम थांबलें नाहीं आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. भारतभरांतून मिळविलेलीं बाराशेंहून अधिक हस्तलिखितें ओळीनें ताडून, जें सर्व परंपरांना समान तें वर आणि जें एखाद्याच परंपरेंत सांपडतें तें खालीं टीपेंत, अशी ह्या आवृत्तीची रचना आहे. सत्तेचाळीस वर्षें एका गांवांत बसून काहीं माणसें एका ग्रंथाचीं पाठांतरें जुळवीत राहिलीं, ही हकीकत एखाद्या कादंबरीहून कमी रोमहर्षक नाहीं. पण तिची कादंबरी कोणी लिहीत नाहीं आणि लिहिली तरी ती खपेल असें दिसत नाहीं.

ह्या आवृत्तींत बाईंना काय आढळलें? स्वयंवरांत कर्ण धनुष्य उचलावयास पुढें होतो आणि सूताला वरणार नाहीं असें द्रौपदी मोठ्यानें म्हणते, तो भाग संशोधकांनीं मूळ पाठांत ठेवलेला नाहीं. फारच थोड्या हस्तलिखितांत तो मिळाल्यामुळें त्याची रवानगी टीपेंत झालेली आहे. मयसभेंत दुर्योधन पाण्यांत पडतो तेव्हां हंसतात ते भीम, अर्जुन आणि नकुलसहदेव. द्रौपदी तेथें असल्याचें कवि सांगत नाहीं. ती इतर स्त्रियांसह हंसली, हें दुर्योधन मागाहून घरीं जाऊन बापाला सांगतो. आंधळ्याच्या मुलाविषयींचें तें प्रसिद्ध वाक्य तर तिच्या तोंडीं कोठेंच नाहीं. १९८८ ते १९९० ह्या काळांत दूरदर्शनवर झालेल्या मालिकेनें तें घराघरांत इतकें पक्कें केलें कीं, तें व्यासांचें नव्हे असें सांगितल्यास लोकांना आश्चर्य वाटतें.

येथें बाईंनीं एक गोष्ट न्यायानें केली. चिपळूणकर मंडळींनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं छापलेलें महाभारताचें मराठी भाषांतर त्यांच्या वडिलांच्या संग्रहांत होतें. तें जुन्या प्रचलित पाठावरून केलेलें आहे आणि त्यांत स्वयंवरांतला तो नकार आहे. तेव्हां सावंतांनीं तो मनानें रचला असें म्हणतां येत नाहीं. शेंकडों वर्षें लोक ती कथा तशीच ऐकत आले होते. कादंबरीकारानें हस्तलिखितांचा निवाडा करीत बसावें ही अपेक्षा चुकीची आहे. पण मग वाचकानेंहि कादंबरीचा दाखला न्यायालयांत आणावा तसा जेवणाच्या पानावर आणूं नये, असें बाईंनीं भाच्याला ऐकविलें.

त्यापुढचा भाग मात्र कोणत्याहि आवृत्तींत बदलत नाहीं. द्यूतसभेंत द्रौपदी एक प्रश्न विचारते : युधिष्ठिरानें स्वतःला आधीं हरलें कीं मला? जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार कोणता? भीष्म धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून मोकळे होतात. मोठमोठे राजे खालीं पाहतात. अशा वेळीं दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण, कौरवांच्याच घरांतला मुलगा, उठून म्हणतो कीं ही स्त्री जिंकली गेलेली नाहीं. त्या एका सरळ आवाजाला गप्प कोणी केलें? कर्णानें. विकर्णाला पोरकट ठरवून, पांच पतींची बायको म्हणून द्रौपदीला वेश्या म्हणून, पांडवांचीं आणि तिचीं वस्त्रें काढून घे अशी दुःशासनाला आज्ञा कर्णच करतो. बाईंनीं हा प्रसंग भाच्याला मोठ्यानें वाचून दाखविला नाहीं. पुस्तक खूण घालून त्याच्या उशाशीं ठेवलें.

‘युगान्त’ त्यांनीं नंतर वाचलें. तें ‘मृत्युंजय’च्याच सालीं, म्हणजे १९६७ मध्यें प्रसिद्ध झालें आणि १९६८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. एकाच वर्षीं मराठी वाचकाला कर्णाच्या पायाशीं बसविणारें एक आणि कर्णाकडे समोरून पाहावयास लावणारें दुसरें, अशीं दोन पुस्तकें मिळालीं, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ. माणसांचीं कुळें, नातीं, लग्नाच्या चाली ह्यांचा अभ्यास करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. महाभारताकडेहि त्या त्याच नजरेनें पाहतात. खांडववन जाळलें तेव्हां त्यांतले प्राणी आणि माणसें ह्यांचें काय झालें, असें त्या विचारतात. विदुर आणि युधिष्ठिर ह्यांचें खरें नातें काय असावें, अशी शंका त्या घेतात. कर्ण हा त्यांच्या दृष्टीनें झांकोळलेला सूर्य नव्हे. आपण कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर आयुष्यभर शोधणारा आणि क्षत्रियांच्या पंक्तींत जागा मिळावी म्हणून धडपडतांना वेळोवेळीं तोल घालविणारा असा तो माणूस आहे. घोषयात्रेच्या वेळीं गंधर्वांनीं दुर्योधनाला पकडून नेलें तेव्हां कर्ण रण सोडून गेला होता आणि मित्राला सोडविलें तें पांडवांनीं, ही अडचणीची हकीकत कर्णभक्त सहसा सांगत नाहींत.

हें सर्व बाईंना मनापासून आवडलें. परंतु त्या इरावतीबाईंच्याहि वकील झाल्या नाहींत. द्रौपदीवरील निबंधांत इरावतीबाईंनीं असें म्हटलें आहे कीं, सभेंत कायद्याचा प्रश्न विचारण्यांत द्रौपदीची चूक झाली. त्या घोर प्रसंगीं तिनें पंडितासारखा वाद न घालतां क्षत्रियधर्माला आवाहन करून केवळ दया आणि लाज राखण्याची याचना करावयास हवी होती. येथें बाईंनीं समासांत पेन्सिलीनें फुली मारली. याचना तर द्रौपदीनें केलीच होती. तिच्याकडे कोणीं लक्ष दिलें? त्या सभेंत ज्याचें उत्तर कोणाजवळच नव्हतें अशी एकच गोष्ट होती आणि ती म्हणजे तिचा प्रश्न. त्या प्रश्नानें विकर्णाला उठविलें, भीष्माला निरुत्तर केलें, आणि शेवटीं धृतराष्ट्राला वर देण्याइतकें हलविलें. ती पहिल्या वरानें युधिष्ठिराला सोडविते, दुसऱ्यानें उरलेल्या चौघांना शस्त्रें आणि रथ ह्यांसह सोडविते आणि तिसरा वर घेत नाहीं. हें पाहून कर्णालाहि म्हणावें लागतें कीं, बुडणाऱ्या पांडवांना ही स्त्री नाव होऊन तारून गेली. त्याच्या बोलण्यांत पांडवांना टोमणा आहे हें खरें. पण शत्रूच्या तोंडून निघालेली ही पावती आहे. बाईंच्या मतें पंडिता असण्याबद्दल द्रौपदीला दोष देणें, तेंहि एका विदुषीनें देणें, हें ‘युगान्ता’सारख्या पुस्तकाला शोभत नाहीं. तरी त्याच निबंधाच्या शेवटीं हिमालयांत पडलेली द्रौपदी आणि तिच्याजवळ थांबलेला भीम हा जो प्रसंग आहे तो वाचून त्यांना रडूं आवरलें नाहीं. तो प्रसंग व्यासांचा नव्हे, इरावतीबाईंचा; आणि तसें त्या लपवीत नाहींत.

‘पर्वा’विषयीं बाईंचें मत थोडक्यांत सांगतां येण्यासारखें आहे. मूळ कन्नड कादंबरी १९७९ सालची. तींत देवांचा हस्तक्षेप नाहीं, वरदानें नाहींत, चमत्कार नाहींत. मद्र देशच्या म्हाताऱ्या शल्यापासून कथा सुरू होते आणि युद्धाच्या दुर्गंधीपर्यंत जाते. त्यांनीं दोनदां पुस्तक खालीं ठेवलें आणि तिसऱ्यांदां पुरें केलें. अशी कादंबरी आदरानें वाचावी, पण ताप आलेला असतांना वाचूं नये, असें त्या म्हणाल्या. भाषांतर मराठीच वाटतें, ही त्यांच्या लेखीं मोठीच शिफारस.

आतां मुळाच्या मुद्याकडे. ह्या सगळ्या वाचनानंतर बाईंनीं ‘मृत्युंजय’ कपाटांतून काढून टाकली काय? मुळींच नाहीं. उलट त्यांचें म्हणणें असें झालें कीं, कर्णावर खरें प्रेम करणाऱ्यानें व्यासांचा उद्योगपर्व वाचल्याखेरीज राहूं नये. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथांत घेऊन जातो आणि तूं कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस असें सांगून राज्य देऊं करतो. कर्ण तें नाकारतो. अधिरथानें आणि राधेनें आपल्याला वाढविलें, त्यांनींच आपलीं लग्नें केलीं, तें नातें सोन्याच्या राशीसाठीं तोडतां येत नाहीं, असें तो म्हणतो. माझा जन्म युधिष्ठिराला सांगूं नकोस, कारण तो राज्य मला देईल आणि मी तें दुर्योधनाला देईन, असेंहि तो म्हणतो. शत्रूच्या सत्यनिष्ठेची इतकी खात्री बाळगणारा पुरुष लहान कसा असेल? त्याच संभाषणांत तो आणखी एक गोष्ट बोलतो. दुर्योधनाला बरें वाटावें म्हणून आपण पांडवांना जें कठोर बोललों त्या कर्माचा आपल्याला आज पश्चात्ताप होतो, असें तो कृष्णापाशीं कबूल करतो. पुढें गंगेच्या कांठीं कुंती येते. तो सूर्याची उपासना करीत असतो. ती त्याच्या उत्तरीयाच्या सावलींत कोमेजलेल्या माळेसारखी उभी राहते आणि तो वळेपर्यंत थांबते. तुझे पांच पुत्र पांचच राहतील, एवढें वचन देऊन तो तिला परत पाठवितो.

बाईंचा सांगण्याचा रोख असा होता : जो वाचक कर्णाचा अपराध द्रौपदीवर ढकलतो, तो कर्णाचा पश्चात्ताप त्याच्याकडून काढून घेतो. अपराधच नाहीं तर पश्चात्ताप कशाचा? व्यासांनीं कर्णाला निर्दोष केलें नाहीं म्हणून तो पश्चात्ताप करूं शकला. आणि तो क्षण त्याच्या कवचकुंडलांच्या दानाहून मोठा आहे, कारण कवच शरीरावर होतें आणि हें त्याहून आंतलें होतें.

भाच्यानें खूण घातलेला सभापर्वाचा भाग वाचला होता. उद्योगपर्वहि त्यानें दोन दिवसांत वाचला. वाद जिंकला अशा समजुतींत असलेल्या मावशीला त्यानें मग एकच गोष्ट विचारली. कर्णानें पश्चात्ताप कृष्णाजवळ बोलून दाखविला. आणि तोहि पांडवांना बोललेल्या शब्दांचा. जिचीं वस्त्रें काढावयास त्यानें सांगितलें तिचें नांवहि तो तेथें घेत नाहीं. तिला त्यानें कधीं कांहीं म्हटलें काय?

ह्या प्रश्नाची बाईंनीं अपेक्षा केली नव्हती. त्यांनीं पुन्हां ग्रंथ चाळले. शांतिपर्वाच्या आरंभीं, कर्ण आपला सख्खा वडील भाऊ होता हें कळल्यावर युधिष्ठिर शोक करतो, तेथें त्यांना एक आठवण सांपडली. युधिष्ठिर म्हणतो कीं, द्यूतसभेंत कर्णाचे कठोर शब्द ऐकून आपल्याला संताप आला होता, पण त्याच्या पायांकडे दृष्टि गेली आणि तो संताप निवाला. ते पाय कुंतीच्या पायांसारखे दिसले, आणि असें कां दिसावें तें आपल्याला त्या वेळीं उमगलें नाहीं. हा उतारा त्यांनीं दोघां मुलांना वाचून दाखविला. धाकट्या बहिणीला तो फार आवडला. भाच्याला तो आवडला, परंतु आपल्या प्रश्नाचें हें उत्तर नव्हे असें त्यानें सांगितलें, आणि बाईंनींहि तें मान्य केलें.

ओडिया भाषेंत प्रतिभा राय यांनीं ‘याज्ञसेनी’ नांवाच्या कादंबरींत सगळी कथा द्रौपदीच्या तोंडून, हिमालयांत पडलेल्या अवस्थेंत कृष्णाला उद्देशून, सांगितलेली आहे. आतां बाई ती वाचीत आहेत. अर्ध्यावर आल्या तेव्हां त्यांनीं भाच्याला कळविलें कीं, येथेंहि कर्ण आहेच आणि द्रौपदीच्या मनांतून तो कांहीं केल्या जात नाहीं. हा मनुष्य कोणत्याहि भाषेंतल्या कादंबरीकाराला सोडावयास तयार दिसत नाहीं. पुस्तक पुरें झाल्यावर तें टपालानें धाडावयाचें ठरलें आहे. पण तें प्रथम आपल्याला पाहिजे, असा धाकट्या बहिणीचा निरोप येऊन पडलेला आहे.